लिंबूपाण्याने गांजा सुटत नाही

गांजा सोडायचा विषय निघाला की ग्रुपवर हमखास एक मेसेज येऊन पडतो. सार असा: गांजा ही वनस्पती, तिचं व्यसन लागत नाही. सोडायचाच तर तीन दिवस लिंबू-मध-पाणी प्या, धावून घाम काढा, चौथ्या दिवशी शरीर साफ. झोप नाही आली तर थोडी भांग किंवा दोन पेग. बाकी इच्छाशक्ती. आणि डॉक्टरकडे जाऊ नका, पोलीस केस होते. दहा-दहा वर्षं रोज ओढणारे या भरवशावर सोडायला बसतात, पाचव्या रात्री हरतात आणि वर स्वतःलाच नावं ठेवतात.

'व्यसन लागत नाही.' धोतराही वनस्पतीच आहे. ओढणाऱ्या प्रत्येकाला व्यसन लागत नाही हे खरं. शंभरातल्या साधारण 9 जणांना लागतं, शाळा-कॉलेजच्या वयात सुरू केलेल्यांत सहापैकी एकाला. सोडल्यावरचा त्रास 2013 पासून डीएसएम-5 या मानसोपचाराच्या निदान-पुस्तिकेत नोंदलेला आहे: चिडचिड, बेचैनी, झोप उडणं, भूक मरणं, घाम, डोकेदुखी, पोटात कळा.

'तीन दिवसांत शरीर साफ.' सगळी गफलत इथेच आहे. टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, पाण्यात विरघळत नाही, चरबीत मुरतं. ते मुख्यतः शौचावाटे आणि काही लघवीवाटे बाहेर पडतं. घामाचा वाटा नगण्य. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत ते महिनाभर, कधी त्याहूनही जास्त सापडतं. लिंबूपाण्याने लघवी पातळ होते एवढंच, आणि लॅबवाले लघवीतलं क्रिएटिनिन (शरीर नेहमी बाहेर टाकतं तो घटक) बघून तेही ओळखतात. शिवाय लघवी साफ झाली म्हणून सवय सुटत नाही. मेंदूतल्या ज्या सीबी-1 रिसेप्टरवर टीएचसी बसतं, ते रोजच्या माऱ्याने कमी झालेले असतात. बंद केल्यावर दोन दिवसांत ते सावरू लागतात, पूर्ववत व्हायला सुमारे चार आठवडे जातात. त्रास पहिल्या 1 ते 3 दिवसांत सुरू होतो, आठवड्याच्या आत कळसाला पोचतो, दोन आठवड्यांत बराचसा ओसरतो; झोप मात्र महिनाभर, कधी जास्तही छळते. म्हणजे मेसेजवाला 'मोकळे झालात' म्हणतो त्या चौथ्या दिवशी त्रास ऐन भरात असतो.

म्हणून पुढचे दहा दिवस तरी परीक्षा, प्रवास, मोठं काम नसेल अशी तारीख धरा. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की मी उगाच खेकसेन. पहिले तीन-चार दिवस जेवण जात नाही. ताटभर वाढून घेण्यापेक्षा थोडं थोडं, पेज, मेतकूट-भात, ताक, केळं. रात्री घामाने अंथरूण भिजतं, एक सुती चादर आणि टी-शर्ट उशाशी असू द्या.

दिवसाला एक-दोनच जॉइंट असतील तर एकदम बंद करा. पाच-सहा असतील तर उतरवत आणता येतं. दिवसाचा माल सकाळीच वजन करून वेगळा काढा, सुरुवातीच्या मापाचा पाव भाग पहिल्याच दिवशी आणि मग दर चार दिवसांनी कमी करा. तेराव्या दिवशी शून्य. नुसते जॉइंट मोजले की फसतं: सहाचे तीन होतात, पण तिन्ही जाडजूड, आणि झुरकेही खोल.

'झोपेसाठी भांग किंवा पेग.' भांग ही त्याच झाडाची पानं. एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत ती येत नाही, पण टीएचसी तेच. पोटातून उशिरा चढतं आणि जास्त वेळ राहतं. दारूने डोळा लागतो, मात्र पहाटे झोप मोडते. आधीपासून रोज भरपूर पिणाऱ्याने दारू आणि गांजा घरच्या घरी एकदम बंद करू नये; दारू अचानक तोडल्याने फिट्स येऊ शकतात. केमिस्टकडून परस्पर झोपेच्या गोळ्या तर नकोच.

गांजा स्वप्नांची झोप दाबून ठेवतो, बंद केला की ती उसळते. भडक, विचित्र स्वप्नं पडतात. ओढतोय असंही दिसतं आणि माणूस दचकून उठतो. वेड लागत नसतं. उठायची वेळ रोज एकच ठेवा, दुपारी आडवे होऊ नका, वीस मिनिटांत झोप नाही लागली तर उठून बाहेर बसा. चहा निम्मा करा, शेवटचा दुपारी दोनच्या आत. धुरामुळे यकृत कॅफीन झपाट्याने मोडत असतं. धूर थांबला की तोच कप जास्त वेळ अंगात राहतो. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सांगूनच सोडा, काहींचं प्रमाण याच कारणाने रक्तात वाढतं.

'इच्छाशक्ती.' तलफ बहुतेकदा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते, तेवढ्यात हाताशी काही सापडायला नको. चिलीम, साफी, पेपर, क्रशर, खणातल्या बिया, सगळं बाहेर. माल देणाऱ्याचा नंबर डिलीट करून भागत नाही, ब्लॉक करा; नाहीतर 'नवीन आलाय' असा मेसेज पगाराच्या दिवशी बरोबर येतो. यूपीआयमध्येही तो वरच्या दोन-तीन नावांत बसलेला असतो, तिथेही ब्लॉक करा.

तंबाखू मिसळून ओढत असाल तर अर्धी तलफ निकोटिनची असते. 2 मिलिग्रॅमचा निकोटिन गम सावकाश चावा, झणझणलं की गालात दाबून ठेवा, पुन्हा चावा, असं अर्धा तास. भराभर चावून रस गिळला की उचकी लागते, छातीत जळजळतं. मग 'गम सोसत नाही' म्हणून लोक सिगारेटवर येतात.

'पोलीस केस होते.' एनडीपीएस कायद्याच्या कलम 64अ मध्ये, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने सरकारमान्य ठिकाणी स्वतःहून उपचार घेतले तर खटल्यातून सूट आहे. 14446 ही व्यसनमुक्तीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन, 14416 ही टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, तिथे मराठीत बोलता येतं. आवाज ऐकू येणं, कुणी मागावर आहे असं वाटणं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, पाणीही न टिकणारी उलटी, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि बाराव्या दिवशी पाय घसरलाच तर उरलेली पुडी त्याच रात्री कमोडमध्ये टाका. एका जॉइंटचा आठवडा होतो तो त्या पुडीमुळे. शिवाय तोवर सहनशक्ती उतरलेली असते. जुन्याच मापाने ओढलं की छाती धडधडते, घाबरायला होतं.