दिसतंय ना ठळक? मग झालं!

वेबपान बनवताय ना? मग कुठला टॅग, म्हणजे मजकुराला लावायची खूण, कशासाठी आहे या अर्थाच्या भानगडीत पडूच नका. शीर्षक हवंय? साधा परिच्छेद घ्या, 'फॉन्ट' टॅगमध्ये आकार ७ टाका, 'बी' लावून जाड करा आणि 'सेंटर'मध्ये नेऊन बसवा. लग्नपत्रिकेसारखं भरदार दिसतं! शीर्षकासाठी 'एच-वन' असतो म्हणे. असू दे. तो पानाच्या तळाशी फोन नंबर मोठा करायला वापरा.

डिसेंबर १९९७ मध्ये एचटीएमएल ४.० ने, म्हणजे वेबपानं लिहिण्याच्या भाषेच्या नव्या आवृत्तीने, 'फॉन्ट' आणि 'सेंटर'ला निवृत्तीची नोटीस दिली. सजावटीसाठी सीएसएस ही वेगळी भाषा त्याआधी वर्षभर येऊन बसली होती. पण ब्राउझर मायाळू, अजून दोघांनाही पोसतात. मग आपण कशाला वाईटपणा घ्यायचा?

अंध वाचकांचंही मनावर घेऊ नका. एनव्हीडीएसारख्या, पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर ते 'एच' दाबून एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उड्या मारतात. तुमच्या पानावर 'एच' दाबला की थेट फोन नंबर! बाकीचं ऐकावं की पोथीसारखं, पहिल्या ओळीपासून.

कोणी फारच टोकलं, तर सगळे 'बी' शोधून 'स्ट्राँग' (महत्त्वाचं) करा, सगळे 'आय' (तिरपं) बदलून 'एम' (बोलताना जोर) करा. दोन मिनिटांत पान अर्थपूर्ण! खरं तर एचटीएमएल ५ ने 'आय'लाही स्वतःचं काम दिलंय: परभाषेतले शब्द, शास्त्रीय नावं. तुमच्या बदलानंतर आंब्याचं 'मॅन्जिफेरा इंडिका' हे नाव कोणीतरी भांडणात ठासून बोलल्यासारखं होईल, एवढंच. आणि बहुतेक स्क्रीन रीडर आपणहून 'स्ट्राँग', 'एम' बोलून दाखवतच नाहीत. हा मुद्दा खरा आहे, जपून ठेवा, वादात उपयोगी पडेल.

मराठी मजकूर तिरपा तर कराच. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टना तिरपा अवतार नसतो, म्हणून ब्राउझर सरळ अक्षरांनाच कलवतो. सगळे काने घाटातल्या वळणावर एसटीत उभ्या प्रवाशांसारखे झुकतात. जोर द्यायला आपल्याकडे 'च' आहे, पण त्यात कसली आलीय कलाकुसर?

आता एखाद दिवशी साहेब म्हणतील, लाल शीर्षकं भगवी करा. सीएसएसवाल्याची एक ओळ बदलते आणि तो चहाला जातो. तुमच्यापुढे दोनशे पानं, पानागणिक आठ 'फॉन्ट'. तासावर बिल लावत असाल, तर साहेबांना आधीच सांगून ठेवा, काम अवघड आहे.