चमकणारी कोंबडी आणि नवापूरची ब्रॉयलर

नंदुरबार-धुळ्याकडे सध्या मोबाइलवर एक मजकूर फिरतो आहे. परदेशी प्रयोगशाळेत जेलीफिशचे जनुक घालून चमकणारी हिरवी कोंबडी बनवली, तिचाच वंश नवापूरच्या पोल्ट्रीत चाळीस दिवसांत वजनाला येतो, २००६ चा बर्ड फ्लूही तिच्यामुळेच आला, आणि संशोधन हा निव्वळ बहाणा आहे, कारण कोंबडीच्या अंड्यातून माणसाविषयी काय कळणार, असे त्यात म्हटले आहे.

जेलीफिशचे जनुक खरे आहे. स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेने अशा कोंबड्या तयार केल्या. मात्र त्या काजव्यासारख्या अंधारात चमकत नाहीत, निळा प्रकाश टाकल्यावरच त्यांच्या पेशी हिरव्या दिसतात.

ब्रॉयलरचा या वंशाशी काडीचाही संबंध नाही. भराभर वाढणाऱ्या पक्ष्यांची पिढ्यान्‌पिढ्या निवड आणि संकर करून ती घडली आहे. बीटी कपाशीला २००२ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, हे जळगावच्या कोणत्याही कापूस उत्पादकाला ठाऊक आहे. खाण्यासाठी जनुकबदल केलेल्या कोंबडीला भारतात तशी मंजुरी मिळालेलीच नाही.

‘अंड्यातून काय कळणार’ हा आक्षेप मात्र सविस्तर उत्तर मागतो. उंदराचा गर्भ आईच्या पोटात दडलेला असतो. कोंबडीच्या अंड्याला खिडकी पाडून तोच प्रवास दिवसागणिक पाहता येतो. फ्रान्सच्या निकोल ल दुआराँ यांनी १९६९ पासून लावा पक्ष्याच्या पेशी कोंबडीच्या गर्भात बसवून त्या कुठे जातात ते शोधले, पण त्यासाठी ऊतकांचे काप करून रंगवावे लागत. हिरव्या कोंबडीच्या पेशी साध्या गर्भात बसवल्या, तर जिवंतपणीच त्यांचा माग लागतो, आणि दोन्ही पक्षी एकाच जातीचे असतात.

माणसाशी असलेले नाते तर बोटांतच दिसते. कोंबडीच्या गर्भात पंखाच्या अंकुरात मागच्या कडेच्या पेशी पुढे बसवल्या, की बोटांचा आरशातल्यासारखा दुसरा संच फुटतो, हे १९६८ मध्ये नोंदले गेले. त्यामागचे ‘सॉनिक हेजहॉग’ जनुक १९९३ मध्ये सापडले. या जनुकाचे नियंत्रण करणाऱ्या डीएनएच्या एका तुकड्यात बदल झाला, तर मूल जास्तीच्या बोटासह जन्मू शकते, आणि पाच बोटांच्या सिल्की कोंबडीतही त्याच तुकड्यात बदल आढळतो.

राहता राहिला बर्ड फ्लू. नवापूरला आलेल्या एच५एन१ विषाणूचे मूळ १९९६ मध्येच चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील हंसांत सापडले होते, तेव्हा रोझलिनची हिरवी कोंबडी जन्मायचीच होती.