तक्रारीचं निवारण झालं म्हणे!

सकाळी मोबाइलवर मेसेज आला, ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.’ मी तेव्हा टाकीच्या तळाचं पाणी वाटीनं उपसत होते. नळ नाही, सहावा दिवस. कसलं निवारण? पुण्याहून मुलगा म्हणतो, “मम्मी, ॲपवर एक स्टार दे.” देते बाबा. त्या स्टारनं भांडी घासते.

आमच्या धुळ्याच्या गल्लीत पूर्वी एक वॉलमन होते, म्हणजे चावीनं व्हॉल्व्ह फिरवून गल्लीला पाणी सोडणारे. मुलगा अकरा दिवसांचा, घरात मी आणि सासूबाई. रात्री अडीचला दारावर थाप, “वहिनी, उठा, नळ उनात!” म्हणजे नळ आलेत. बाळंतीण घरात आहे हे त्यांना कोणत्या सेन्सरनं सांगितलं होतं? दोन हंडे स्वतः भरून ओट्यावर ठेवले आणि चावी खांद्यावर टाकून पुढच्या गल्लीत गेले.

२०१५ ला स्मार्ट सिटी योजना आली. देशातली १०० शहरं, त्यात खान्देशातलं एकही नाही. काय चिडले होते मी तेव्हा! मग मुलाकडे गेले. औंध-बाणेर-बालेवाडी, पुण्यात स्मार्ट सिटीसाठी खास निवडलेला भाग. फुटपाथ छान, खोटं कशाला बोलू, गुडघ्यांनी आशीर्वाद दिले. पण बाकीच्या पुण्यानं काय घोडं मारलं होतं? मुलाकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी त्याच बाकीच्या पुण्यातून दोन बस बदलून यायच्या. मार्च २०२५ ला योजनाही संपली.

माझं माहेर पांझरेकाठचं. तिथे शेतीला पाणी वाटून घ्यायची फड पद्धत. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाळीनं पाणी. पाटकरी पाणी द्यायचा, जागल्या पीक राखायचा. शेकडो वर्षं चाललंय हे, एकही ॲप नसताना. पाणी पोचलं नाही तर माणूस पाटकऱ्याच्या दारात जाऊन उभा राहायचा. मी कोणाच्या दारात उभी राहू?

हो, वॉलमन काही साधुसंत नव्हते. मोठ्या लोकांच्या गल्लीत चावी जरा जास्तच फिरायची. माहीत आहे, कमेंटमध्ये शिकवू नका. पण भांडता यायचं हो! मी कडकडून भांडलेय, दुसऱ्या पाळीला दहा मिनिटं जास्त पाणी मिळालंय.

मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेले तेव्हा ते खाटेवर होते. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. विचारलं, “तो अकरा दिवसांचा होता तोच का?”

असो. समोरच्या ताई गच्चीवरून ओरडताहेत, मागच्या गल्लीत नळ आलेत. पळते.