रॅपला जगात कुठंच संगीत मानत नाही म्हणे!

नागपुरात सक्करदऱ्यापासून धरमपेठेपर्यंत ग्रुपाग्रुपवर मेसेज फिरून राहिला की रॅपला जगात कुठंच संगीत मानत नाहीत, आजवर एक मोठा पुरस्कार नाही. साफ खोटं आहे भाऊ. ग्रॅमी या अमेरिकेतल्या मोठ्या संगीत पुरस्कारात रॅपची वेगळी कॅटेगरी १९८९ पासून आहे, अन् २०१८ मधे तर अमेरिकन रॅपर केंड्रिक लामारच्या 'डॅम' अल्बमला संगीताचं पुलित्झर (अमेरिकेतलाच मोठा पुरस्कार) भेटलं, जे त्याच्याआधी फक्त क्लासिकल अन् जॅझवाल्यांनाच भेटे. सूर नसते म्हणता, पण ठेक्याच्या मागंपुढं शब्द बसवून श्वास सांभाळणं करून तर पाहा, चार ओळीतच दम लागते. खडी गंमत या आपल्या विदर्भातल्या लोकनाट्यातला शाहीर ठेक्यावर बोल फेकते तेव्हा नाही कोणी विचारत हे संगीत आहे का म्हणून. आवडत नसन तर नका ऐकू, पण फोकनाड मेसेज काहून पाठवता बा?