‘मढं कशाला उकरता?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली, म्हणून नुसतं ‘धन्यवाद’ न म्हणता सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अॅनिमे (जपानी अॅनिमेशन) मालिका संपून वर्षं लोटली, अधिकृत डिस्क निघाल्या, तरी चाहते ‘सुधारित आवृत्ती’ म्हणून तेच मढं उकरत बसतात. ही चोरी तर आहेच, वर दिग्दर्शकापेक्षा शहाणे असल्याचा आव.

चोरीवर वाद घालत नाही. उलट तुमच्या बाजूने भर घालतो. जपानच्या कॉपीराइट कायद्याच्या २० व्या कलमात, कलाकृतीत निर्मात्याच्या मर्जीविरुद्ध बदल होऊ नयेत असा वेगळा हक्क आहे. म्हणजे जशीच्या तशी प्रत वाटणाऱ्यापेक्षा कापून-जोडून वाटणारा एक पायरी पुढे गेलेला असतो. व्हिडिओ कॅसेटच्या काळात फॅनसबवर (चाहत्यांनी स्वतः सबटायटल घालून वाटलेल्या प्रतींवर) ‘विक्रीसाठी नाही, भाड्याने देण्यासाठी नाही’ अशी पाटी असायची. कायद्यापुढे तिचा उपयोग शून्य, पण निदान जनाची लाज होती. मी स्वतः फक्त मराठी सबटायटलची फाइल देतो, डिस्क ज्याची त्याने विकत घ्यावी. (अनुवादाचा हक्कही मूळ मालकाचाच, हे ठाऊक आहे. अगदी सोवळ्यातला मीही नाही.)

पण ‘अधिकृत डिस्क निघाली, आता काय राहिलं?’ हे मात्र मला मान्य नाही. अमेरिकेत २००७ पासून निघालेले ‘ड्रॅगन बॉल झी’चे डिस्क-संच आठवा. जुन्या टीव्हीच्या मापाचं ४:३ चं चित्र १६:९ च्या रुंद टीव्हीवर भरावं म्हणून वरून-खालून कापलं. गणित सोपं आहे: ४:३ चं १६:९ करताना उंचीतला पाव भाग जातो. उभ्या माणसाचे केस गेले, नाहीतर पाय गेले. २०१९ मध्ये ‘निऑन जेनेसिस इव्हॅन्जेलियन’ नेटफ्लिक्सवर आली तेव्हा जपानबाहेर बहुतेक ठिकाणी प्रत्येक भागाच्या शेवटचं ‘फ्लाय मी टू द मून’ गायब होतं. १९९५-९६ मध्ये लोकांनी पाहिली ती मालिका ही नव्हे. अशा वेळी कुणी जुन्या प्रती शोधून पूर्ण चौकट किंवा मूळ गाणं परत आणलं, तर त्याला शहाणपणाचा आव म्हणायचं? मी तरी म्हणणार नाही.

आता माझं स्वतःचं दुखणं. दर आठवड्याला नवा भाग येतो तेव्हा सबटायटल करणाऱ्याला शेवट माहीत नसतो. जपानीत कर्ता सर्रास गाळतात आणि क्रियापदाला लिंग नसतं. इंग्रजीवाला सर्वनाम चुकवून कसंबसं निभावतो, मराठीत क्रियापदच चुगली करतं. मी केलेल्या एका २६ भागांच्या मालिकेत एक मुखवटाधारी पात्र होतं. मी बिनधास्त ‘तो आत आला’ लिहीत गेलो, आणि १९ व्या भागात मुखवटा उतरला तर बाई. मालिका संपल्यावर सगळं मागे जाऊन बदलायला घेतलं. ‘ती आली’ केलं तर रहस्य फुटतं, ‘ती व्यक्ती आली’ म्हणजे पंचनामा. शेवटी ‘त्यांनी दार उघडलं’ असं केलं. ‘नी’ लागला की क्रियापद दाराच्या मागे जातं आणि बाई की पुरुष ते झाकलेलं राहतं. बोलणारा हाताखालचा शिपाई होता, त्यामुळे आदरार्थी बहुवचनही खपलं. ही दुरुस्ती मालिका संपल्याशिवाय करताच येत नाही, कारण चूक तोवर दिसतच नाही.

वेळेची जुळणीही नव्याने करावी लागते. टीव्हीवर प्रायोजकांची पाटी येते, डिस्कवर ती नसते, आणि तिथून पुढच्या सगळ्या ओळी काही सेकंद सरकतात. कंटाळवाणं काम, पण कुणीतरी करावंच लागतं.

भाग कापून नव्याने जुळवणाऱ्यांबद्दल मी अजून द्विधा आहे. ‘नारुतो’च्या पहिल्या २२० भागांत १३५ नंतरचं जवळपास सगळं मंगाबाहेरचं (मंगा म्हणजे मालिकेची मूळ चित्रकथा), त्यामुळे कात्री लावावीशी वाटणं समजतं. निर्मात्यांनीही ते केलंय: २००९ मध्ये ‘ड्रॅगन बॉल झी’ छाटून ‘काई’ आणली, आणि चाहत्यांनी हे नाव आपापल्या छाटलेल्या आवृत्त्यांसाठी उचललं. फरक एवढाच, की फिलर, म्हणजे मूळ कथेत नसलेला भरणा, काढताना चाहत्यांची कात्री शांत प्रसंगांवरही चालते. दोघं जेवत बसलेत, कुणी बोलत नाही, चार सेकंद गेले. ते फिलर नसतं हो!

आणि जुनं चित्र एआयने मोठं, चकचकीत ‘फोर-के’ करणाऱ्यांबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातला शब्दन् शब्द मान्य. हाताने ओढलेली रेघ कुठे जाड, कुठे बारीक असते. यांच्याकडे ती तारेसारखी एकसारखी होते, फिल्मचे कण पुसले जातात, रंगवलेलं आकाश प्लॅस्टिकचं दिसतं. गेल्या लेखात मी अशाच एका आवृत्तीची तारीफ केली होती. छोट्या पडद्यावर पाहिली होती, मोठ्यावर पाहिल्यावर चूक कळली. तो परिच्छेद काढलाय.

राहिला तुमचा शेवटचा टोमणा, ‘आता तिसरी आवृत्ती कशाला?’ तर त्या मुखवट्याच्या मालिकेच्या माझ्या सबटायटलमध्ये, ११ व्या भागात, गच्चीवरच्या प्रसंगात, एक ‘तो’ अजून राहून गेलाय.