छेद कुठे आहे?

२०२३ च्या धुळवडीनंतरचा रविवार होता. पुण्यातल्या आमच्या कट्ट्यावर त्या सकाळी गप्पांपेक्षा खोकल्याचा आवाज अधिक येत होता. औषधांचे दुकान चालवणारे अण्णा वर्तमानपत्र घेऊनच आले होते. ९ मार्चपर्यंत देशभरात एच३एन२ धरून फ्लूच्या सर्व प्रकारांचे मिळून ३,०३८ रुग्ण प्रयोगशाळेत निश्चित झाल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले होते. बातमी मोठ्याने वाचून झाल्यावर अण्णांनी घडी मांडीवर आपटली आणि विचारले, "तीन वर्षे हा फ्लू कुठे गेला होता? कुठेही गेला नव्हता. त्यालाच कोविड म्हणत होते, एवढेच."

हे विधान त्यांनी पहिल्यांदा केले होते असे नाही. पण त्या दिवशी ताई हजर होत्या. त्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होत्या आणि साथीची पहिली दोन वर्षे त्यांनी गुलाबी द्रवात बुडवलेल्या स्वॅबच्या कुप्या हाताळण्यात घालवली होती. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि शांतपणे सांगितले की, आरटीपीसीआर चाचणी ताप ओळखत नाही, खोकलाही ओळखत नाही. ती विषाणूच्या जनुकाचा एक ठरावीक तुकडा ओळखते, आणि कोविडचा तुकडा वेगळा, फ्लूचा वेगळा. एकाच नमुन्यात दोन्ही शोधता येतात, पण एकाच्या जागी दुसरा मोजला जात नाही. अमेरिकेत सप्टेंबर २०२० च्या अखेरीपासून मे २०२१ पर्यंत रुग्णालयांशी संबंधित प्रयोगशाळांनी ८,१८,९३९ नमुने फ्लूसाठी तपासले आणि त्यांतले १,६७५ पॉझिटिव्ह निघाले, म्हणजे हजारी दोन. एरवीच्या हिवाळ्यात साथ शिगेला असताना तिथे शंभरातले पंचवीसहून अधिक नमुने पॉझिटिव्ह निघतात. "शोधलाच नाही म्हणून सापडला नाही, असे म्हणायला इथे जागा कुठे आहे, अण्णा?"

अण्णा थोडे मागे सरले, पण गप्प बसले नाहीत. मग श्रेय मास्कचे का, असे त्यांनी विचारले. डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या पेठेत तीस वर्षे दवाखाना चालवणाऱ्या मित्राने, हो म्हणायला तोंड उघडले आणि स्वतःच एक अडचण काढली. साधी सर्दी करणारे ऱ्हायनोव्हायरस मास्क असूनही त्याच काळात अनेक देशांत टिकून राहिले होते. त्यांच्यावर स्निग्ध पदार्थाचे आवरण नसते, त्यामुळे अल्कोहोलच्या सॅनिटायझरला ते फ्लूच्या विषाणूइतके सहज दाद देत नाहीत. फ्लूचा एक रुग्ण सरासरीने एकाहून थोड्याच अधिक माणसांना आजार देतो, त्यामुळे कोविडला नुसता लगाम घालणारे निर्बंध फ्लूला मुळासकट आडवे पाडू शकतात, असा त्यांचा तर्क होता. मला मात्र प्रवासबंदीचा वाटा त्यांनी कमी धरला असे वाटले. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२० मध्ये सीमा बंद केल्या आणि २०२० व २०२१ या दोन्ही हिवाळ्यांत तिथे फ्लू जवळजवळ दिसलाच नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये पर्यटकांना दार उघडले आणि त्या वर्षीचा फ्लू नेहमीपेक्षा लवकर, हिवाळा नीट लागायच्या आतच येऊन धडकला. त्यातले किती सीमांमुळे आणि किती मास्क उतरल्यामुळे, यावर आमची दहा मिनिटे गेली आणि निष्पन्न काही झाले नाही.

एवढा वेळ मास्तर काहीच बोलले नव्हते. ते निवृत्त गणित शिक्षक आहेत, आणि कट्ट्यावर कोणी आकडा उच्चारला की त्यांची पेन्सिल बाहेर येते. त्यांनी अण्णांचे वर्तमानपत्र ओढून घेतले आणि समासात आकडे मांडले: जानेवारीत १,२४५, फेब्रुवारीत १,३०७, मार्चच्या पहिल्या नऊ दिवसांत ४८६. मार्चमध्ये उतार पडला असे वरवर दिसते. दिवसांनी भागले की रोजचे साधारण ४०, ४७ आणि ५४ होतात, म्हणजे चढ आहे. अण्णा खूश झाले. पण मास्तरांनी लगेच विचारले, "हा झाला अंश. छेद कुठे आहे?"

अण्णांना छेदही सापडला. त्याच निवेदनात सर्दी-ताप-खोकल्याच्या एकूण रुग्णांचे आकडे होते: जानेवारीत ३,९७,८१४, फेब्रुवारीत ४,३६,५२३ आणि मार्चच्या नऊ दिवसांत १,३३,४१२. त्यांनी मोबाइलवर भागाकार केला आणि विजयी मुद्रेने सांगितले की, जानेवारीत शंभरात अर्धाही फ्लू नव्हता, मग उगाच एवढा गवगवा कशाला?

त्या दिवसातला खरा मुद्दा मला इथे सापडला, आणि या चुकीबद्दल अण्णांना दोष देण्याचे कारण नाही, कारण ती कोणाकडूनही होईल. दवाखान्यात खोकत आलेल्या चार लाख लोकांपैकी बहुतेकांच्या घशातला नमुना कोणी घेतलेलाच नसतो. जे तपासलेच नाहीत त्यांना "फ्लू नाही" या खान्यात टाकून भागाकार केला, तर उत्तर कितीही लहान काढता येते. मास्तरांच्या शब्दांत, वर्गातल्या पाच मुलांचीच वही तपासायची, त्यांतली तीन नापास निघाली की तिनाला साऱ्या शाळेच्या पटाने भागायचे आणि निकाल उत्तम लागला म्हणायचे, त्यातला हा प्रकार होता.

मग योग्य छेद कोणता, या प्रश्नाचे उत्तर ताईंकडे होते. काही ठरावीक दवाखाने आणि रुग्णालये नेमायची. ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, खोकला आणि दहा दिवसांच्या आत सुरू झालेला आजार, एवढी खूण पटली की त्या रुग्णाला फ्लूसदृश आजाराच्या यादीत घ्यायचे. दाखल करावे लागले तर तीव्र श्वसनविकाराच्या यादीत. आणि त्यांतल्या नमुन्यांपैकी शेकडा किती पॉझिटिव्ह निघाले ते दर आठवड्याला लिहायचे. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, त्याच सुमारास आपल्या तीस प्रयोगशाळांच्या निरीक्षणावरून सांगितले होते की, डिसेंबरच्या मध्यापासून अशा रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये एच३एन२ आढळला. एका बाजूला शेकडा अर्ध्याहूनही कमी, दुसऱ्या बाजूला निम्मे. फरक सगळा छेदाचा. अण्णांनी मोबाइल खिशात ठेवला.

डॉक्टरांनी मात्र ताईंनाही सोडले नाही. महामारीत हा छेदसुद्धा स्थिर राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. २०१९ मध्ये ताप आला की माणूस त्यांच्या बाकावर येऊन बसत असे. २०२० मध्ये तोच माणूस भीतीने घरी थांबला किंवा थेट कोविड केंद्रावर गेला. पुढे घरच्या घरी कोविड तपासायचे किट आले आणि चाचणी निगेटिव्ह निघाली की तो ऑफिसला जाऊ लागला. येणारे रुग्ण बदलले की टक्केवारीचा अर्थही बदलतो, त्यामुळे साथीआधीच्या वर्षांशी तुलना करताना जपून राहावे. ताईंनी हे मान्य केले आणि म्हणूनच एकाच नमुन्यात दोन्ही विषाणू शोधण्यावर भर हवा, असे जोडले. हा मुद्दा डॉक्टरांनी जिंकला, असे माझे मत आहे.

जाता जाता ताईंनी यामागाता हे नाव काढले. फ्लूच्या बी प्रकाराची ही एक शाखा मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीने सापडलेली नव्हती. मंडळींना ती थाप वाटली. पण सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही शाखा लसीतून वगळावी असे सुचवले, तेव्हा ताईंनी कट्ट्याच्या मोबाइलवरच्या गटावर ती बातमी कोणत्याही शेऱ्याविना टाकली होती. बाकीचे सगळे परतले; हिने मात्र दर्शन दिले नाही. आणि हेदेखील म्हणता आले ते केवळ कोणीतरी नमुने तपासत राहिल्यामुळे.

पुढच्या रविवारी डॉक्टर एक लांबट वही घेऊन आले. दोन रकाने आखलेले होते: त्या दिवशी आलेले सगळे रुग्ण, आणि त्यांतले ताप-खोकल्याचे. मास्तरांनी चष्मा पुसून पाने उलटली, आणि पाच वर्षांखालच्या मुलांचा रकाना वेगळा का नाही, म्हणून हुज्जत सुरू केली.