आमच्या घरपट्टीच्या पावतीवर आगीची ओळ नाही

गेल्या फेब्रुवारीत दुपारी दोनच्या सुमारास आमच्या दिरांच्या कडब्याच्या गंजीनं पेट घेतला. वारं नेमकं गोठ्याकडे. विहीर शंभर पावलांवर, पाण्यानं भरलेली; पण त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, मोटर चालणार कशी? बायका हंडे-कळश्या घेऊन धावल्या, पोरांनी पाठीवर फवारणीचे पंप चढवले. मी विळ्यानं दावी कापत सुटले. दोन म्हशी बाहेर काढल्या. रेडकू कोपऱ्यात अंग चोरून उभं राहिलं, ते आलंच नाही.

तालुक्याला फोन लावला तर पहिला प्रश्न आला, "गाव हद्दीत येतं का?" बंब आला, पण सव्वा तासानं. तोवर काळवंडलेले पत्रे उरले होते. गाडीवरच्या माणसांना मी बोल लावणार नाही. एकच बंब, चार माणसं आणि सगळा तालुका.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागेच लागले. घटनेच्या बाराव्या परिशिष्टात शहरांकडे सोपवायचे 18 विषय आहेत, त्यात अग्निशमन सातव्या क्रमांकावर. पंचायतींसाठी अकरावं परिशिष्ट, त्यात 29 विषय. बाजार आहे, ग्रंथालयं आहेत, कुक्कुटपालन आहे, वैरणसुद्धा आहे. वैरण जळली तर विझवायची कोणी, ते नाही. पुण्यात मिळकतकराच्या बिलात अग्निशमन कर असतो. आमच्या पावतीवर घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी, एवढंच.

आणि गाव म्हणजे आता फक्त गंज्या आणि गोठे राहिलेले नाहीत. गावोगाव गोदामं, मंगल कार्यालयं, रसायनांचे छोटे कारखाने आले आहेत. 7 जून 2021 ला मुळशी तालुक्यातल्या उरवड्यात कारखान्याला आग लागली, कामगार आत होरपळून गेले, त्यात बहुतेक बायका होत्या. ती बातमी वाचताना मला आमच्या रस्त्यावरच्या शेडमध्ये कामाला जाणाऱ्या पोरी दिसत होत्या. त्या शेडला मागचं दार आहे का, हे जाऊन बघण्याचा अधिकार आमच्या सरपंचांना नाही, ग्रामसेवकांनाही नाही.

कायदा नाही असं मात्र नाही. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा 2006 चा आहे. मालकानं दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र द्यायचं. धोका असेल तर इमारत रिकामी करून घेता येते, वीज-पाणी तोडता येतं. पण हे हत्यार राज्याच्या अग्निशमन सेवेच्या संचालकांच्या किंवा मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याच्या हातात. संचालक मुंबईत, आणि मुख्य अग्निशमन अधिकारी असतो तो शहरात. मग आमच्या शेडपर्यंत कोण पोचणार?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: शेजारशेजारच्या पंधरा-वीस गावांचा एक अग्निशमन गट कायद्यानं उभा करा आणि त्याला खरे अधिकार द्या. स्वतःचा कर लावायचा, तपासणी करायची, नोटीस द्यायची आणि ऐकलं नाही तर कुलूप ठोकायचं. अमेरिकेत ग्रामीण भागात असे फायर डिस्ट्रिक्ट वर्षानुवर्षं चालतात. मालमत्ता करातून पैसा उभा राहतो, पुष्कळ ठिकाणी मंडळ लोकच निवडून देतात आणि आग विझवायला गावातलेच स्वयंसेवक जातात. आमच्याकडची पोरं त्या दिवशी फवारणीचे पंप घेऊन धावलीच की. त्यांना प्रशिक्षण, बूट आणि विमा द्या.

"अधिकार दिले की हप्ते सुरू होतील," असं आमचे दीरच म्हणाले. भीती खोटी नाही. म्हणूनच कुलपाचा अधिकार पुढाऱ्याकडे नको, गटानं नेमलेल्या प्रशिक्षित अधिकाऱ्याकडे हवा. आणि दिलेली प्रत्येक नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे, ग्रामसभेत वाचली गेली पाहिजे. पण हप्त्याच्या भीतीनं तपासणीच नको, हे मला पटत नाही. आज त्या शेडमध्ये कोणीच जात नाही.

1 मेच्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. शेजारच्या दोन गावांतल्या बचत गटांच्या बायकांशी बोलणं झालंय, त्याही आपापल्या सभेत मांडतील. ठराव कायद्याच्या भाषेत नीट लिहून देणारं कोणी ओळखीत असेल तर कृपया मला कळवा, एप्रिल संपायच्या आत.